आतड्याचा दाह आणि पेशींचे निरोप



वसंत व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, इतिहास, अर्थकारण, नाही तर संतवाङ्मय असे विषय आपल्या डोळ्यांपुढे येतात. अशा ठिकाणी उभे राहून आतड्याच्या रोगावर बोलावयाचे, म्हणजे भरल्या पंक्तीत नको तो विषय काढण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही मी हा विषय मुद्दाम घेतला. आपल्याकडे ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो, खोकला झाला तर शेजारी आपण होऊन काढा सुचवितात. पण शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल, असे तो मनाशीच ठरवितो. या संकोचापायी एकदोन नव्हे, पाच-पाच वर्षे जातात आणि तोवर आतड्याची जी हानी व्हावयाची ती होऊन गेलेली असते. तेव्हा थोडा वेळ हा संकोच आपण सर्वांनी मिळून बाजूला ठेवू.

मला आज सांगावयाचे आहे ते मुख्यतः दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले वाक्य असे की, गेल्या तीस वर्षांत शरीरातील पेशी एकमेकींना निरोप कसा धाडतात आणि तो निरोप मध्येच कसा अडवावा हे वैद्यकाला पुष्कळसे उमगले आहे, व त्यामुळे आतड्याच्या दाहाने पिचलेली कितीतरी माणसे पुन्हा हिंडूफिरू लागली आहेत. दुसरे वाक्य असे की, जो निरोप आतडे जाळतो, तोच निरोप क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवतो. आणि आपण मुंबईत राहतो. बाकीचे सारे व्याख्यान म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

प्रथम रोग कोणता ते पाहू. अशी कल्पना करा की, येथल्याच औद्योगिक वसाहतीत काम करणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. त्याला काही महिन्यांपासून दिवसातून सहा-सात वेळा शौचास जावे लागते. कधी आव पडते, कधी रक्त. उजव्या बाजूला बेंबीच्या खाली कळ येते. वजन उतरत चालले आहे, संध्याकाळी अंग कोमट वाटते. पाळीच्या वेळी मशीन सोडून उठावे लागते म्हणून मुकादम कुरकुरतो. तो औषधाच्या दुकानातून जुलाबाच्या गोळ्या आणतो, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. कोणी सांगतो संग्रहणी आहे, कोणी सांगतो मनाला लावून घेतोस म्हणून होते. हा तरुण काल्पनिक आहे, परंतु पोटविकाराच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसलात तर तो तुम्हाला भेटल्यावाचून राहणार नाही.

त्याला जे झाले असण्याचा संभव आहे, त्या रोगगटात दोन रोग मुख्य आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात गुदाशयापासून वर सरकत मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर सलग व्रण पडतात. दुसरा क्रोन्सचा रोग. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, पण लहान आतडे जेथे संपते आणि मोठे सुरू होते तो सांधा याला विशेष प्रिय. यात आतड्याची सबंध जाडी सुजते, मधला मार्ग अरुंद होतो, प्रसंगी आतड्यातून बाहेर भोक पडते. वारंवार उलटणाऱ्या भगंदराच्या मुळाशीही कधीकधी हाच रोग असतो. हे रोग साहेबी देशांतले, आपल्याकडे ते नाहीत, असा समज पुष्कळ वर्षे होता. तो खरा नाही. लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी केली आणि २००३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. लहान आकडा वाटेल. पण लाखामागे ४४ म्हणजे मुंबईसारख्या शहरात हजारो माणसे झाली, आणि त्यांतली बरीचशी ऐन कर्त्या वयातली.

आता हा दाह होतो कशाने? आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब आणि मोठे दीड मीटर. एवढ्या लांब नळीचे आतले अस्तर जाडीने केवळ एका पेशीचे असते, आणि ते दर चार-पाच दिवसांनी नवे होते. त्या पातळ पडद्याच्या एका बाजूला अन्न आणि असंख्य जीवाणू. आपल्या सबंध शरीरात जितक्या पेशी तितकेच साधारणपणे आपल्यातले जीवाणू, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात वस्तीला. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला आपल्या प्रतिकारशक्तीची फौज. शरीरातल्या कोणत्याही एका अवयवापेक्षा ती येथे जास्त आहे. तेव्हा आतड्याला अहोरात्र एक अवघड काम करावे लागते: सोबत राहणाऱ्या जीवाणूंना सोडावयाचे आणि शत्रूला पकडावयाचे. कारखान्याच्या फाटकावरचा जुना रखवालदार रोजच्या कामगारांना तोंडावरून ओळखतो आणि अनोळखी माणसाला अडवितो, तसेच हे आहे. आतड्याच्या दाहात या रखवालदाराची ओळख बिघडते. तो रोजच्या माणसांवरच काठी उगारतो आणि फाटकावर जी मारामारी जुंपते ती मिटतच नाही. त्याची ओळख का बिघडते याला एकच कारण नाही. आनुवंशिकता, जीवाणूंच्या वस्तीतले बदल, आहार आणि राहणी यांचा तो मेळ आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयाची. २०२० च्या साथीपासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा जणू मंत्र झाला आहे. भुकटी, काढा, गोळी, सगळे प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी. परंतु आतड्याच्या या दाहात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती नको तेथे आणि नको तितकी काम करते. अशा माणसाला शक्ती वाढविण्याचा उपदेश करणे म्हणजे भांडणाऱ्याच्या हातात दुसरी काठी देणे होय.

पेशींना तोंड नाही, मग त्या बोलतात कशा? एक पेशी एखादा प्रथिनाचा रेणू बाहेर सोडते. तो दुसऱ्या पेशीजवळ जातो. तिच्या पृष्ठभागावर त्या विशिष्ट रेणूसाठीच घडविलेले दुसरे प्रथिन असते. इंग्रजीत ज्याला रिसेप्टर म्हणतात त्याला आपल्या शास्त्रीय परिभाषेत ग्राही म्हणतात. आपण त्याला पेशीचा कान म्हणू. कारखान्यात आग लागली की भोंगा वाजतो. भोंगा म्हणजे बाहेर सोडलेला रेणू, कान म्हणजे ग्राही, आणि कानापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या तारा म्हणजे पेशीच्या आतली यंत्रणा. भोंगा, कान आणि तार ही तीन नावे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल.

हे ग्राही आपणा मरोळकरांना अगदीच अनोळखी नाहीत. २०२० साली आपल्या मरोळमधलेच सेव्हन हिल्स रुग्णालय महानगरपालिकेचे मोठे कोविड रुग्णालय झाले होते. त्या काळात टॉसिलिझुमॅब या इंजेक्शनचे नाव मुंबईत घरोघरी ऐकू येत होते आणि त्यासाठी नातेवाइकांनी दुकाने पालथी घातली होती. ते इंजेक्शन विषाणूला मारीत नाही. इंटरल्युकिन-६ नावाचा एक भोंगा आहे, त्याचा कान ते बुजविते. म्हणजे ग्राही अडविणे हा उपाय आपण पाहिलेला आहे. आतड्याच्या रोगात तोच विचार पुष्कळ आधीपासून चालू होता.

आतड्याच्या दाहात ज्या भोंग्याची ओळख प्रथम पटली, त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ. याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९७५ साली न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांच्या गटाला उंदरांच्या रक्तद्रवात अर्बुदे नासविणारा एक पदार्थ आढळला, म्हणून त्याला अर्बुदनाशक अशा अर्थाचे हे नाव मिळाले. दुसरीकडे, दीर्घ आजारात माणूस खंगतो तो कशाने, याचा शोध रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी घेत होते. खंगविणारा पदार्थ त्यांनी शुद्ध केला आणि १९८५ साली असे दिसून आले की, तो आणि ओल्ड यांचा पदार्थ एकच. एकच रेणू अर्बुद नासवितो आणि माणसालाही झिजवितो.

टीएनएफ पेशीच्या कानावर पडला म्हणजे आत काय होते? पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन बेडी घातलेल्या स्थितीत पडून असते. हे प्रथिन १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. टीएनएफचा निरोप आला की तारेतून इशारा जातो, बेडी तुटते, आणि ते प्रथिन थेट पेशीच्या केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करते. त्या जनुकांतून काय निर्माण होते? इतर अनेक पदार्थांबरोबर पुन्हा टीएनएफ! म्हणजे एका कारखान्याचा भोंगा ऐकून दुसऱ्याने भोंगा वाजवावा, त्याचा ऐकून तिसऱ्याने. मूळ आग विझली तरी भोंगे थांबत नाहीत आणि बंबाच्या पाण्याने सामानाची नासाडी होतच राहते. आतड्याचा जुनाट दाह तो हाच.

यावर पहिला खरा परिणामकारक उपाय कॉर्टिसोनचा. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या दोघांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवर त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली. निम्म्या रुग्णांना कॉर्टिसोन आणि उरलेल्यांना औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी पहिल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांचा रोग शमला होता, दुसऱ्यात सुमारे १६ टक्के. हा विजय लहान नव्हे. त्यापूर्वी या रोगाच्या तीव्र झटक्यात माणसे दगावत. स्टेरॉइड आजही तातडीच्या वेळी प्राण वाचविते. पण भोंगा बंद करण्यासाठी सबंध कारखान्याची वीज तोडावी तसा तो उपाय आहे. भोंगा थांबतो, पण यंत्रे, दिवे, पंखेही थांबतात. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग बळावतो. म्हणून हे औषध थोड्या मुदतीचे. दुर्दैवाने आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून तेच स्टेरॉइड पुन्हापुन्हा घेणारे रुग्ण आहेत. त्यांना बरे वाटते, आणि बरे वाटते हाच त्यातला धोका.

सबंध वीज न तोडता नेमका भोंगाच पकडता येईल काय? न्यूयॉर्क विद्यापीठात यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ले यांनी टीएनएफला चिकटणारे प्रतिपिंड तयार केले. त्यातला पकडणारा भाग उंदराचा, उरलेला माणसाचा. हेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने ओळखले गेले. १९९३ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी क्रोन्सच्या रोगाने गांजलेल्या एका मुलीवर टीएनएफविरोधी प्रतिपिंडाचा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ साली १०८ रुग्णांच्या परीक्षेचा निष्कर्ष आला. एकाच इंजेक्शनानंतर चार आठवड्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांना गुण आला होता. दिखाऊ औषध मिळालेल्यांत १७ टक्के. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जे रुग्ण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळले होते ते उठून कामाला लागले. वैद्यकात असे क्षण थोडे येतात.

श्रोतेहो, व्याख्यान येथे संपविता आले असते तर मलाही आवडले असते. परंतु आता दुसऱ्या वाक्याकडे वळले पाहिजे.

क्षयाचा जंतू शरीरात शिरला की प्रत्येक वेळी क्षय होतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारक पेशी त्या जंतूभोवती कोट उभारतात. त्या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू मरत नाही, पण कैद होतो, आणि माणूस उभा जन्म धडधाकट राहतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील दर दहा माणसांत सुमारे तिघांच्या शरीरात असा संसर्ग झाल्याची खूण आढळली. म्हणजे आज या मंडपात शंभर माणसे बसली असतील तर त्यांपैकी तीसेक जणांच्या शरीरात हा कैदी निजलेला असण्याचा संभव आहे. त्यांना रोग नाही, त्यांच्यापासून कोणाला बाधा नाही. तेव्हा शेजाऱ्याकडे बघण्याचे कारण नाही.

आता या कोटावरच्या पहारेकऱ्यांना जागे कोण ठेवते? तोच टीएनएफ. आतड्यात जो भोंगा नको तितका वाजतो, तोच छातीतल्या कोटावर वाजला नाही तर पहारेकरी पांगतात आणि कैदी सुटतो. २००१ साली अमेरिकेत किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांत उद्भवलेल्या क्षयाच्या ७० घटना एकत्र करून प्रसिद्ध केल्या. बहुतेकांना पहिल्या तीन मात्रांच्या आतच क्षय झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर पसरला होता. तोवर जगात हे औषध सुमारे १ लाख ४७ हजार माणसांना दिले गेले होते, आणि त्यांतील बहुतेक अशा देशांतली, जेथे क्षय विरळा. मग जेथे जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश राहतात, तेथे हे औषध हाती घेताना किती विचार करावा लागेल, हे मी सांगावयास नको.

येथे आणखी एक पेच आहे, आणि तो खास आपल्याकडचा. क्षय केवळ फुप्फुसाला होत नाही, आतड्यालाही होतो. आणि त्यालाही तोच सांधा प्रिय, लहान आणि मोठ्या आतड्याचा. तेथेही व्रण, तेथेही मार्ग अरुंद होणे, तेथेही ग्रॅन्युलोमा. १९१३ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅल्झिएल यांनी क्रोन्सच्या रोगासारख्या रोगाचे वर्णन केले तेव्हाही त्यांना हे साम्य जाणवले होते: दिसावयास क्षयासारखा, पण क्षयाचा जंतू मात्र सापडत नाही. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली तो स्वतंत्र रोग म्हणून मांडला, आणि त्यांच्या नावाने तो रूढ झाला. इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न बहुतांशी तेथेच मिटला. आपल्याकडे तो आजही रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागात उभा असतो. आपला तो कारखान्यातला तरुण आठवा. त्याला क्रोन्स आहे की क्षय? क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा टीएनएफविरोधी औषध दिले तर क्षय सर्व शरीरभर उसळेल. क्रोन्स असताना क्षय समजून सहा-नऊ महिने क्षयाची औषधे दिली तर तेवढ्या अवधीत आतडे आणखी अरुंद होईल आणि शस्त्रक्रियेची पाळी येईल. दोन्हीकडे खड्डा आहे आणि वाट मधून काढावयाची आहे.

या प्रश्नावर मुंबईतच काम झाले आहे, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांनी दोन सहकाऱ्यांसह २००८ साली 'वर्ल्ड जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. जेथे क्षय सर्वत्र पसरलेला आहे अशा भारतात क्रोन्सच्या रोगाचे निदान कसे करावे, हाच त्याचा विषय. परदेशी ग्रंथात याचे तयार उत्तर नव्हते. तेथल्या डॉक्टरांना हा प्रश्नच फारसा पडत नव्हता. आपल्या रुग्णांच्या नोंदी समोर मांडून, दोन रोगांची लक्षणे एकमेकांशेजारी ठेवून, आपले उत्तर आपणच शोधावे लागले. हेच डॉ. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या भयंकर पावसात, तुंबलेल्या रस्त्यात मोटार सोडून घराकडे पायी निघाले आणि एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा देह सापडला. आपणांपैकी अनेकांना ती बातमी आठवत असेल. वर्तमानपत्रांतून त्यांचे मरण सर्वांना कळले; त्यांचे काम मात्र थोड्यांना ठाऊक आहे. ते कळावे, म्हणून मी येथे त्यांचे नाव घेतले.

हा पेच सोडवावयाचा कसा? एका चाचणीने तो सुटत नाही. डॉक्टर दुर्बीण घालून व्रण पाहतात, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यात जंतू वाढतो का व जंतूचे जनुक सापडते का ते पाहतात, छातीचे आणि पोटाचे चित्र काढतात. ठळक ताप, थोड्या महिन्यांचा आजार, पोटात पाणी, फुप्फुसात खूण, ही लक्षणे क्षयाकडे बोट दाखवितात. वर्षानुवर्षे धुमसणारा आजार, रक्त पडणे, गुदद्वाराजवळचे भगंदर, सांध्यांचा दाह, ही क्रोन्सकडे. एवढे करूनही उलगडा झाला नाही तर क्षयाची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. व्रण भरून आले तर क्षय; न भरले तर क्रोन्सचा विचार करावयाचा. येथे रुग्णाने एक चूक करू नये. बरे वाटू लागले म्हणून दुसरी दुर्बीण टाळू नये. क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांनी काही दिवस बरे वाटू शकते. खरी साक्ष व्रणाची.

निदान क्रोन्सचे ठरले, तरी भोंगा पकडण्यापूर्वी कैदी कोठे निजला आहे काय ते पाहावयाचे. छातीचे चित्र, मांटूची त्वचाचाचणी, इंटरफेरॉनवर आधारलेली रक्तचाचणी. मांटूच्या चाचणीत लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे कधीकधी फसगत होते, म्हणून रक्तचाचणीची मदत. खूण सापडली, पण क्षयरोग नाही असे ठरले, तर प्रतिबंधक औषध द्यावयाचे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत टीएनएफविरोधी औषध सुरू करणाऱ्यांचा असे औषध देण्याजोग्या गटांत समावेश आहे. आणि चाचण्या निर्दोष आल्या तरी निर्धास्त राहावयाचे नाही. लोकलच्या डब्यात, दहा बाय दहाच्या खोलीत, नवा संसर्ग केव्हाही होऊ शकतो. औषध चालू असताना ताप आला, खोकला लांबला, वजन उतरले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे.

भोंगा पकडणे हा एक मार्ग झाला. गेल्या दशकात आणखी दोन वाटा उघडल्या आहेत. पहिली वाट तारेची. पुष्कळ ग्राहींना स्वतःची तार नसते; ते पेशीच्या आतल्या जेनस कायनेज, थोडक्यात जॅक, या विकरांवर विसंबून असतात. जेनस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव. हा विकर अडविला की एकाच वेळी अनेक भोंग्यांचे निरोप आत जावयाचे थांबतात. टोफॅसिटिनिब हे असे औषध. ते इंजेक्शन नाही, साधी गोळी आहे. २०१८ साली अमेरिकेत अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी त्याला परवानगी मिळाली. मोठ्या परीक्षेत वर्षअखेर, मोठ्या मात्रेवर, सुमारे ४१ टक्के रुग्णांचा रोग शमलेला राहिला. दिखाऊ गोळ्यांवर ११ टक्के. पण तार तोडली म्हणजे इतर निरोपही तुटतात. नागीण उठण्याचे प्रमाण वाढते. उतारवयात, विशेषतः हृदयविकाराचा धोका असणाऱ्यांत, जास्त सावधगिरी घ्यावी लागते, असा इशारा २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला. क्षयाची तपासणी येथेही चुकत नाही.

दुसरी वाट फाटकाची. रक्तातून फिरणाऱ्या प्रतिकारक पेशींपैकी ज्या आतड्याकडे जावयाच्या, त्यांच्या अंगावर पत्त्याची जणू चिठ्ठी असते. २०१४ साली परवानगी मिळालेले व्हेडोलिझुमॅब हे औषध ती चिठ्ठी झाकते. पेशी आतड्यात उतरत नाहीत. पण फुप्फुसातल्या कोटावरचे पहारेकरी आपल्या जागी राहतात. म्हणून ज्या देशात क्षय घरोघरी आहे तेथे या वाटेचे महत्त्व अधिक. मात्र तिचा गुण सावकाश येतो.

यावरून कोणताही भोंगा बंद केला की आतडे शांत होते, असा अर्थ कोणी काढू नये. इंटरल्युकिन-१७ हा दाहाचाच एक निरोप आहे, आणि तो अडविला की सोरायसिस सुधारतो. म्हणून तोच उपाय क्रोन्समध्ये करून पाहिला. २०१२ साली निष्कर्ष आला: रुग्णांना गुण तर आला नाहीच, उलट त्यांची प्रकृती बिघडली. तो निरोप आतड्याच्या अस्तराचे रक्षणही करीत होता! तसेच, २००१ साली पाश्चात्त्यांमध्ये क्रोन्सशी संबंधित असे एनओडी-२ नावाचे जनुक सापडले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. भारतीय रुग्णांत तपासले तेव्हा तो संबंध आढळला नाही. तात्पर्य, शरीराचा एकेक निरोप त्या त्या ठिकाणी काय काम करतो हे पाहिल्यावाचून त्यावर हात टाकता येत नाही, आणि परक्या देशातले उत्तर आपल्या देशात जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

खर्चाचा प्रश्न राहिला. ही औषधे आली तेव्हा मध्यमवर्गीयानेही त्यांच्याकडे पाहू नये अशी स्थिती होती. २०१४ च्या डिसेंबरात झायडस कॅडिला या भारतीय कंपनीने अडॅलिमुमॅब या टीएनएफविरोधी औषधाचे जगातले पहिले प्रतिरूप आपल्या बाजारात आणले. टोफॅसिटिनिबच्या गोळ्याही आता येथे तयार होतात. किमती उतरल्या आहेत. कामगाराच्या पगारात वर्षानुवर्षे परवडावे इतक्या मात्र अजून उतरलेल्या नाहीत. आणि स्वस्त झालेले औषध बेफिकिरीने दिले जाण्याचा धोका वाढतो, हेही विसरता येत नाही.

शेवटी आपण घरी जाताना काय घेऊन जावे? शौचावाटे रक्त, महिन्याहून अधिक काळ जुलाब, रात्री झोपेतून उठविणारी कळ, कारणावाचून घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला असेल तर टोचून न बोलता विचारावे. स्टेरॉइड आपल्या मनाने सुरू करू नये आणि चालू असेल तर एकदम बंदही करू नये. क्रोन्सच्या रुग्णाने धूम्रपान सोडावे. त्याने हा रोग बळावतो. आणि आपल्याला किंवा वडीलधाऱ्यांपैकी कोणाला पूर्वी क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. क्षयाची गोष्ट आपल्या घराघरांतून झाकून ठेवली जाते, लग्ने मोडतील म्हणून. पण या नव्या औषधांच्या काळात ती झाकलेली गोष्ट माणसाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या त्या कारखान्यातल्या तरुणाला आज उपाय आहेत. पन्नास वर्षांपूर्वी ते नव्हते. त्याला भोंग्याचा ताबा मिळेल, आतड्याचे व्रण भरतील, तो पुन्हा पाळीवर उभा राहील. मात्र त्याआधी कोणी तरी थांबून त्याला विचारले पाहिजे: हे नेमके काय आहे, आणि तुझ्या शरीरात दुसरे काय निजलेले आहे? हा प्रश्न विचारण्याची सवड गर्दीने भरलेल्या दवाखान्यात डॉक्टरांना मिळावी, आणि त्याचे खरे उत्तर देण्याचा धीर रुग्णाला व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.